‘जीप आली’ शिकवणारी मॅडम

कॉम्प्युटर शिकवायला कॉम्प्युटर लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सावरडोहच्या शाळेत यायला हवं होतं. कॉम्प्युटर होते तिथं. कपाटात. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि इन्व्हर्टरची बॅटरी चोरांच्या घरी. वरून पत्र मात्र वेळेवर यायचं, की मुलांना माहिती तंत्रज्ञान शिकवा.

मोनाली भगतनं ते अंगणात शिकवलं.

बोरी अरबकडून आत आलं की एक फाटा लागतो आणि फाट्यावरून कच्च्या रस्त्यानं सावरडोह. मोनाली तिथल्याच बौद्धपुऱ्यातली. आई रुखमाबाई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाणारी. पोरगी यवतमाळला राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आली आणि गावच्याच शाळेत मानधनावर लागली. ती शांत, सोशिक वगैरे होती असं कोणी लिहिलं तर त्याला मी तोंडावर खोटारडा म्हणेन. राग तिच्या नाकावर असायचा. फरक एवढाच, की तो राग ती पोरांवर कधी काढायची नाही. वर्गात पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, ‘जे माहीत हाय ते सांगतलं म्हणून माह्या वर्गात कोणाले मार बसणार नाई.’ ज्या गावात खरं बोलणाऱ्याचे गुडघे फुटायचे, त्या गावात ही हमी साधी नव्हती.

मी दारूबंदीचं काम करते. शाळा माझी सातवीत सुटली. कायदा मी वकिलांच्या ओसरीवर बसून शिकले; आता तेच वकील कलम विचारायला मला फोन लावतात. सावरडोहला मी जायची ती श्रीकिसनच्या मोहाच्या भट्टीपायी, आणि गेले की शाळेच्या भिंतीवर टेकून मोनालीचा तास बघायची. तसा तास मी दुसरीकडे पाहिला नाही.

आठ पोरं ओळीत उभी. उभा तो एक, बसला तो शून्य. आठ पोरांचं मिळून एक अक्षर.

‘मॅडम, आठ पोट्ट्यायचं एकच अक्षर? मंग माह्या नावाले त सारी शाळा लागन!’

‘तुह्या नावाले नाई, तुह्या शिव्यायले लागन. बस खाली, तू शून्य हायेस.’

सगळी हसायची. तेवढ्यात ती ओरडायची, ‘लाईट गेली!’ की आठही जण बदकन खाली. ‘गेलं ना अक्षर? आता आणा कुठून आणता ते!’ मग तेच अक्षर ती रस्त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या गिट्टीत मांडायची. पोरं पाणी प्यायला गेली तरी अक्षर जागेवर.

‘अन् गाईनं पाय देला त?’

‘मोडते मॅडम.’

‘मंग काय कराचं?’

‘दोन जागी मांडाचं. एक गाईले नाई दिसलं पायजे.’

माहिती ठेवायची कशी, ते झालं. मग दोन पोरींच्या पुढे तिसरी उभी केली. मागच्या दोघी उभ्या असतील तरच तिनं उभं राहायचं. पोरी चुकायच्या, एकमेकींच्या वेण्या ओढायच्या, पुन्हा करायच्या. माहितीवरून नवी माहिती कशी काढतात, ते झालं. राहिलं पोहोचवणं. तेव्हा तिनं विचारलं, ‘आपल्या गावात सगळ्यात जोरात कोनची बातमी पोचते?’

अर्धा वर्ग एका दमात ओरडला, ‘जीप आली!’

आता हे समजून घ्या. पोलिसांची जीप फाट्यावर वळायच्या आत श्रीकिसनच्या भट्टीवर खबर पोहोचायची. फाट्यावरचा चहावाला ठेल्यासमोरचं खोकं उलटं ठेवायचा. ते बघून गिरणीवाला मिस्ड कॉल द्यायचा. एक म्हणजे पोलीस, दोन म्हणजे दारूबंदी खात्याचे साहेब. फोन लागला नाही तर गिरणीच्या गच्चीवर लाल लुगडं. लुगडं दिसलं की वावरातला गडी शिट्टी मारायचा आणि भट्टीवरची माणसं ठरवायची, मडकी नाल्यात पुरायची की फक्त विस्तव विझवायचा. मोठी माणसं याच्याबद्दल घरातसुद्धा बोलायची नाहीत, कारण आदल्या वर्षी तक्रार करणाऱ्या एका माणसाचे दोन्ही गुडघे श्रीकिसननं भरचौकात सब्बलीनं, लोखंडी पहारीनं फोडले होते. पोरांना मात्र यातलं सगळं पाठ. मोनालीनं त्याचाच खेळ केला. एक पोरगा चहावाला, एक गिरणी, एक लुगडं, मध्ये सुतळी, सुतळीचा झटका म्हणजे निरोप.

मी म्हटलं, ‘मोनाली, आग हाय हे.’

‘आग हायेच ना ताई गावात. म्या कुठं लावली? म्या फक्त ते कशी पसरते ते दाखवून राह्यली.’

खेळाच्या सुरुवातीला तिनं एक खुर्ची ठेवली होती आणि ती रिकामी सोडली होती. जीप निघणार हे चहावाल्याला आधीच कोण कळवतो, ते कोणाला ठाऊक नव्हतं. पोरं नावं सुचवायची. ती म्हणायची, ‘पायलं हाय का? नाई ना? मंग जागा खालीच ठेवाची. अंदाज भरला की सारं खोटं होते.’

मुख्याध्यापक हरिसिंग राठोड भला माणूस, पण भित्रा. सव्वीस जानेवारीला गावासमोर पोरांचे खेळ होतात. त्यात हा ठेवू नका म्हणून ते तिला विनवत होते. तिनं चहावाला, गिरणी, भट्टी ही नावं काढली आणि ‘बातमीचा प्रवास’ म्हणून तोच खेळ ठेवला. नाव बदललं की वाद मिटतो असं शिकल्या माणसांना फार वाटतं. तिलाही वाटलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, चॉकलेटं वाटली. पुढच्या रांगेत पोलीस पाटील उकंडा बसला होता. पोलीस पाटील म्हणजे गावातल्या भानगडी ठाण्याला कळवणारा गावचाच माणूस. पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं, कार्यक्रम कुठलाही असो, पहिली खुर्ची त्याची. बायकोला मारायचा, तिच्या ओरडण्यावरून शेजाऱ्यांना कळायचं की आज भाजीत मीठ कमी पडलं. त्याची पोरगी केतकी सातवीत, मोनालीच्या वर्गात. श्रीकिसन फाटकाजवळ चार माणसं घेऊन उभा होता, मिशीवर हात.

खेळ सुरू झाला. सुतळी ताणली. मोनाली माइकवर म्हणाली, ‘पयली जागा खाली हाय. कारण बातमी कुठून निंघते ते आपल्याले माहीत नाई.’

केतकी ओळीतून निघाली. सरळ बापाकडे गेली. त्याचा हात धरला.

‘बाबा, चाला. पयली जागा तुमची.’

आणि उकंडा गेला हो! मान घ्यायची एवढी सवय, की हार मिळेल म्हणून हसत हसत गेला आणि त्या खुर्चीवर बसला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, मला वाटलं, पाहुण्याला खेळात घेतलं.

केतकी माइककडे वळली. पोरीचा चेहरा काय फुलला होता! बाप पहिल्या नंबरावर, ह्याचीच तिला ऐट. ‘माह्ये बाबा सगळ्यात पयले फोन करते. ठाण्यातून त्यायले जीपचं सांगते, मंग बाबा चहावाल्या काकाले सांगते. बाबानं नाई सांगतलं त श्रीकिसनकाकाले काहीच नाई समजत!’

मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. मग कोणीच हसलं नाही.

उकंडा उठेपर्यंत फाटकातून श्रीकिसन मधोमध आला होता. त्यानं आधी खुर्चीला लाथ घातली. उकंडा पाटील उपरण्यासकट मातीत. ‘घरात सांगत बसते काय बे, भैताडा?’ मग तो मोनालीकडे वळला. तिच्या जातीवरून त्यानं जे शब्द काढले ते मी इथं लिहीत नाही, फिर्यादीत लिहून दिलेत. त्याच्या माणसांनी मंडपाच्या बल्ल्या उपसल्या. मंडप पोरांच्या अंगावर आला. पहिली बल्ली तिच्या पाठीत बसली, दुसरी डोक्यावर येत होती म्हणून तिनं उजवा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. वाळलं तुरीचं खोड पायाखाली मोडतं ना, तसा.

हरिसिंग गुरुजी मध्ये पडले. भित्रा माणूस म्हटलं ना मी, पण पडले. त्यांना अशी थापड बसली की चष्मा हौदात. मी चप्पल काढली आणि एकाच्या तोंडावर तळ उमटेपर्यंत हाणली. माझ्या कपाळावर खोक पडली, टाके पडले. पोरं रडत रडत हातातली गिट्टी फेकत होती. जाताना श्रीकिसनच्या माणसांनी मोनालीची स्कूटी आडवी पाडली आणि टाकी उघडून काडी लावली.

त्या धुरातून मला दिसलं ते एकच: उकंडानं केतकीची वेणी हाताला गुंडाळली होती आणि तो तिला घराकडे ओढत नेत होता. मोनाली मातीत पडल्या पडल्या ओरडत होती, ‘पोरीले सोड! तिले सोड, तिनं काय केलं!’

घरी त्यानं पोरीला बैलाच्या दाव्यानं मारलं. माय आडवी आली, तिलाही मारलं.

सरकारी दवाखान्यात मोनालीच्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर चढलं. शुद्धीवर आल्यावर तिनं आईला पाणी मागितलं नाही. विचारलं, ‘केतकी शाळेत आली का व?’

‘तुह्या हाताचे दोन तुकडे झाले,’ रुखमाबाई म्हणाली, ‘अन् तुले त्या उकंड्याच्या पोरीची पडली?’

‘म्या शब्द देल्ता माय. सांगतलं म्हणून मार बसणार नाई म्हनून.’

रुखमाबाई उठली, बाहेर आली आणि मला म्हणाली, ‘कुंदे, चाल. मले लेक्चर नाई देता येत. कुऱ्हाड येते.’

आधी ठाण्यात आम्ही ठिय्या दिला. ॲट्रॉसिटीचं कलम लागल्याशिवाय उठणार नाही म्हटलं, लागलं. श्रीकिसन मोकळाच फिरत होता, म्हणून आम्ही भट्टीवर गेलो. बौद्धपुऱ्यातल्या बाया, तांड्यातल्या बाया, गावातल्याही, नवऱ्याच्या धाकानं आजवर न बोललेल्या. मडकी कुठं पुरतात ते शोधावं लागलं नाही. गावची सगळी पोरं तो खेळ खेळली होती. कुऱ्हाडी, सब्बली, उखळातली मुसळं. सडक्या मोहाचा वास नाकात बसला तो दोन आंघोळींनी गेला नाही. श्रीकिसन धावत आला आणि त्यानं रुखमाबाईच्या झिंज्या धरल्या. चूक झाली त्याची. बायांनी त्याला नाल्याच्या चिखलात पाडलं. मी कोणाला थांबवलं नाही. रुखमाबाईनं कुऱ्हाड उचललेली पाहून मात्र मी तिचा दांडा धरला.

‘सोड व! मडक्यायसाठी नाई आणली म्या हे!’

‘त्याले मारशीन त पोरीचं कोन करन?’

तिनं कुऱ्हाड उलटी केली आणि दांडा त्याच्या गुडघ्यावर घातला. एकदाच. पोलिसांनी त्याला नाल्यातूनच उचलून नेलं.

भट्टी गेली, पण केतकी शाळेत येईना. मग तिची माय पदराखाली तोंड झाकून मोनालीकडे आली. ओठ फाटला होता. तिनं नवऱ्याचा निरोप आणला होता. चौकशी लागणार आहे. मॅडमनं साहेबांसमोर म्हणायचं, की मीच पोरीला पढवलं होतं, पोरीनं काही पाहिलं नाही. असं म्हटलं तर पोरगी शाळेत येईल, अंगाला हात लावणार नाही. नाही म्हटलं तर शाळा बंद. एक नात्यातलं स्थळ पाहून ठेवलंय, आखाडाच्या आत उरकून टाकतो म्हणतो.

‘तेराव्या वर्षी?’ मी ओरडले. ‘लाव म्हणावं लगन! मांडवातूनच बेड्या घालून नेते त्याले!’

‘अवो बाई,’ ती म्हणाली, ‘तुमी मांडवात येसान. घरात त मीच असतो ना.’

ती गेल्यावर मी मोनालीला धरलं. ‘तू खोटं बोलशीन त उकंड्या सुटते. ठाण्यातला जो कोणी त्याले फोन करते तोही सुटते. तुही नोकरी जाते. अन् तू पोरीले पढवून बदनामी केली म्हनून उलटी केस.’

‘माहीत हाय.’

‘माहीत हाय त डोक्सं फिरलं काय तुहं? साऱ्या बाया मार खाऊन उभ्या झाल्या तुह्यासाठी!’

‘माह्यासाठी नका सांगू ताई. तुमच्या दारूबंदीसाठी झाल्या. झालं पायजेच ते. पण त्या लढाईत हे पोरगी पुरावा म्हणून नाई वापराची. ते लेकरू हाय.’

मला राग आवरत नाही. मी तिला भेकड म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, आणि दार आपटून निघाले. चौकशीला मात्र गेले, कारण खोटं बोलताना तिचं तोंड मला बघायचं होतं.

चौकशी शाळेच्या हॉलमध्येच झाली. शिक्षण खात्याचे एक साहेब, पोलिसांचे एक साहेब, समोर टेबल. एका बाजूला उकंडा, बायको, मध्ये केतकी. पोरीनं पूर्ण बाह्यांचा झंपर घातला होता. मनगटावरचा वळ तरी दिसत होता. दुसऱ्या बाजूला मोनाली, गळ्यात हात अडकवलेला. हरिसिंग गुरुजी, मी, रुखमाबाई मागे.

साहेबांनी विचारलं, ‘मॅडम, मुलीनं वडिलांचं नाव घेतलं ते तिच्या मनानं की तुम्ही सांगितलं म्हणून?’

मोनाली म्हणाली, ‘मी सांगितलं.’

‘म्हणजे मुलीनं फोन वगैरे काही ऐकलेलं नव्हतं?’

‘नाही साहेब. माझीच चूक.’

उकंडानं पाय लांब केले. मिशीत हसला. ‘लिहून घ्या साहेब. म्या पयलेच म्हटलं होतं, या लोकायले आमचा मान पाहवत नाई.’

साहेब लिहायला लागले. रुखमाबाईनं माझा दंड एवढ्या जोरात धरला की नखं रुतली.

तेवढ्यात केतकी उठली. ‘मॅडमनं नाई सांगतलं.’

‘बस खाली,’ उकंडा म्हणाला.

‘मॅडम खोटं बोलून राह्यल्या. मॅडमनं जागा खाली ठेवली होती. म्या ऐकलं होतं फोनवर. बाबा संडासाकडे जाऊन बोलते अन्—’

पुढचं वाक्य तिला बोलता आलं नाही. उकंडानं दोन साहेबांसमोर, टेबलाच्या हातभर अंतरावर, पोरीच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती भिंतीवर जाऊन आपटली. दुसऱ्यासाठी त्यानं तिची मान धरली. पोलिसांच्या साहेबांच्या हातात पेन होतं. ते पेनाचं टोपण शोधत होते, मी खरं सांगते.

मोनाली उठली कधी ते मी पाहिलं नाही. तिनं गळ्यातून हात सोडवला आणि प्लास्टरसकट आडवा उकंडाच्या तोंडावर घातला. प्लास्टर फुटलं. उकंडाचे समोरचे दात पडले, रक्त पांढऱ्या शर्टावर. तो खाली बसला तरी तिनं आणखी एकदा घातला, तेव्हा तीच किंचाळली, कारण जुळत आलेलं हाड पुन्हा सरकलं होतं.

‘शब्द देल्ता म्या तिले!’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

केतकीची माय उठली. नवऱ्याला उचलायला गेली नाही. पोरीच्या नाकाचं रक्त पदरानं पुसलं, तिचा हात धरला आणि दारातून बाहेर पडली. घरी कपडे आणायलासुद्धा गेली नाही. फाट्यावरून एसटी धरून दोघी महागावला पोरीच्या मामाकडे गेल्या. केतकी आता तिथल्या शाळेत आहे. दाखला हरिसिंग गुरुजींनी कोणाला न विचारता स्वतः नेऊन दिला. एका कानानं तिला कमी ऐकू येतं.

उकंडाची पोलीस पाटीलकी गेली. ठाण्यातला फोन करणारा कोण, ते अजून निघालेलं नाही. मी मागे लागलेली आहे आणि मी सोडत नसते. मोनालीचं मानधन बंद झालं; कागदावर कारण लिहिलं, शिस्तभंग. हात वाकडाच जुळला. रविवारी ती बौद्धविहाराच्या ओट्यावर पोरं जमवते, उभं-बसं करवते, गिट्टी मांडते. गावातली पोरं येतात, काही चोरून.

आता तिच्यावर उकंडाला गंभीर दुखापत केल्याची केस आहे. तारीख जवळ आली म्हणून मी तिला दारव्ह्याला वकिलाकडे घेऊन गेले. वकील म्हणाला, सोपं आहे. धक्काबुक्कीत तोल गेला आणि प्लास्टर लागलं, एवढंच बोला. साहेब लोक काही पाहिलं नाही असंच सांगतील.

‘नाई,’ मोनाली म्हणाली. ‘म्या मारलं. दोनदा मारलं.’

‘अवो मॅडम, आत जाल!’

मीही तिला समजावलं, चिडले, टेबलावर हात आपटला. ऐकेना.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘केतकी येणार हाय महागावहून साक्ष द्याले. तिच्यासमोर एकदा खोटं बोलली म्या, त तिचा कान गेला. आता पुन्हा सांगता मले?’

वकिलानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, ‘लिहा. ते म्हणते तसंच लिहा.’